ख्रिसमस ट्री नक्की कधी लावायचं? (आमच्याकडे शीतयुद्ध सुरू आहे)

गुंतलेली_माळ
दरवर्षीचाच वाद आहे, यंदा धागा काढतेच. मला झाड नोव्हेंबर संपता संपता लावायचं असतं. सासूबाईंचं म्हणणं, २४ डिसेंबरची संध्याकाळ, त्याच्या एक दिवस आधी नाही. त्यांच्या लहानपणी मोठी माणसं दार लावून झाड सजवायची आणि दार उघडलं की मुलांना दिवे लागलेलं झाडच एकदम दिसायचं, ते सांगताना आजही त्यांचा चेहरा बदलतो, त्यामुळे मला धड भांडताही येत नाही. पण हो, तेव्हा दार लावून ते काम करणाऱ्या त्या नव्हत्या! आता माळ्यावरून खोका मी काढते, चपट्या झालेल्या फांद्या एकेक करून मी उलगडते (दोन तास आणि हाताला ओरखडे), माळांचा गुंता मी सोडवते, आणि हे सगळं आठ-दहा दिवसांसाठी? नवऱ्याला विचारलं तर तो दोघींनाही "तुझं बरोबर आहे" म्हणतो. तर मंडळी, तुमच्याकडे काय?

सांजवात
सासूबाईंच्या बाजूने एक मत. आगमनकाळ म्हणजे नाताळाआधीचा वाट बघायचा काळ, नाताळ नव्हे. चार रविवार असतात, पहिला २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या मध्ये कुठेतरी पडतो, त्या दिवसांत जांभळा रंग, चर्चमधल्या मिस्सामध्ये रविवारी ग्लोरिया हे स्तुतिगीतसुद्धा म्हणत नाहीत. आणि आपण घरात सगळा लखलखाट करून बसायचं? बाळ जन्मायच्या आधीच बारसं! वर गंमत अशी की नाताळ खरा २५ला सुरू होतो, पुढे बारा दिवस चालतो, पण नोव्हेंबरात झाड लावणारे लोक २६लाच कंटाळून ते उतरवतात. म्हणजे सण सुरू झाला की यांचा संपला.

खटपट्या
सांजवात, मुद्दा कळला पण "मूळ परंपरा" म्हटलं की मला जरा खाजवतं. बायबलात झाड कुठेय? आताच्या फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये लोक खोलीत झाड उभं करून त्याला कागदी गुलाब आणि सफरचंदं टांगतात असं वर्णन १६०५च्या सुमाराचं आहे. इंग्लंडात घरोघरी ते पोचलं ते १८४८ साली राणी व्हिक्टोरिया आणि अल्बर्टचं झाडाभोवतीचं चित्र पेपरात छापून आलं त्यानंतर. आणि व्हॅटिकनच्या चौकात पहिलं झाड कधी, तर १९८२. म्हणजे माझ्या मोठ्या भावापेक्षा लहान आहे ती परंपरा.

आणि २४ तारखेचं कारण मला तरी साधं वाटतं, मेणबत्त्या. तोडलेल्या झाडावर खऱ्या जळत्या मेणबत्त्या, बाजूला पाण्याची बादली घेऊन कोणीतरी उभं, थोडा वेळ बघायचं आणि विझवायच्या. महिनाभर कोण ठेवणार असलं काही घरात? १८८२ मध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमध्ये आपल्या घरच्या झाडावर लाल-पांढरे-निळे ८० विजेचे दिवे लावले, झाड गोल फिरत पण होतं म्हणे. दिवे आले, भीती गेली, मग थांबायचं कशाला. गुंतलेली_माळ, लावा बिनधास्त.

सांजवात
खटपट्या, मेणबत्त्यांचं पटलं नाही. २४ डिसेंबर हा आदाम आणि हव्वेचा दिवस मानायचे, त्यांच्या नाटकात सफरचंदं टांगलेलं हिरवं झाड रंगमंचावर असायचं आणि तेच पुढे घरात आलं असं मानतात. ती सफरचंदं तुम्हीच वर लिहिलीत की! तारखेमागे अर्थ आहे, नुसती बादली नाही.

खटपट्या
बरं, हा एक गुण तुम्हाला. पण हव्वेला तरी कुठे वाट बघता आली :) ह. घ्या.

हिरवी_काडी
तुम्ही सगळे खोक्यातल्या झाडाबद्दल बोलताय. खरं झाड आणणाऱ्यांना हा प्रश्नच नाही, झाडच तारीख सांगतं. तोडलेलं झाड नीट पाणी दिलं तर चार, फार तर पाच आठवडे टिकतं. आणल्यावर बुंध्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा पुन्हा कापायचा, कारण जुन्या कापावर चीक धरतो आणि पाणी वर चढत नाही, आणि कापलं की लगेच पाण्यात. पहिल्या दिवशी इतकं पाणी पितं की आपल्यालाच भांडं गळतंय की काय वाटतं. ते एकदा कोरडं पडलं की संपलं. स्प्रूस जातीचं झाड लवकर गळतं, नॉर्डमन फर जातीचं बरंच तग धरतं.

आम्ही एका वर्षी हौसेने २० नोव्हेंबरला आणलं, वर खोलीत हीटर. १८ डिसेंबरला एक काचेचा गोळा सरळ करायला म्हणून फांदीला बोट लावलं आणि सर्रकन आवाज होऊन त्या फांदीची सगळी पानं खाली. उरली नुसती काडी, आणि तो गोळा त्या काडीवरून घसरत घसरत टोकाला येऊन थांबला. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. सुया सोफ्यात मार्चपर्यंत टोचत होत्या. गंमत सोडा, इतकं वाळलेलं झाड पेटलं तर क्षणात पेटतं, त्यामुळे खरं झाड असेल तर डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्याआधी नकोच.

रात्रपाळी
मी १ नोव्हेंबरला लावतो. हसा. एकटा राहतो, सकाळी सहाला घरी येतो, दार उघडल्यावर कोपऱ्यात ते पिवळे दिवे लागलेले असले की बूट काढायच्या आधी दोन मिनिटं तिथेच उभा राहतो, बस एवढंच कारण आहे, मला ना आगमनकाळ कळत ना आदाम. फिलिपिन्समध्ये तर सप्टेंबर उजाडला की नाताळाची सजावट सुरू होते, तिकडे भक्ती कमी आहे असं कोणी म्हणेल का?

चष्मेवाली
रात्रपाळी, हसत नाही, पण एक विचारते. तिसऱ्या आठवड्यात ते झाड दिसतं का हो अजून? आमच्याकडे लवकर लावायचो तेव्हा दहा डिसेंबरपर्यंत त्याचं कपाट व्हायचं. येता जाता कोणी बघायचं नाही, वर एकाने टोपी अडकवली होती. आता २०च्या आसपास लावतो, आणि पोरं जागची हलत नाहीत.

रात्रपाळी
दिसतं. एकटं राहिलं की सगळंच दिसतं.

चष्मेवाली
ओके, मागे घेते.

शेपटी_वर
ज्यांच्याकडे मांजर आहे त्यांनी तारखेवर चर्चा करू नये, झाड किती वेळ उभं राहील ते ती ठरवते. आमचा रेकॉर्ड ४० मिनिटं.

मधला_मार्ग
८ डिसेंबरला लावा ना. इटलीत बरेच जण त्याच दिवशी लावतात, मरियेचा सण असतो. दोघींच्या मधली तारीख, वर धार्मिक आधारपण.

गुंतलेली_माळ
८ तारीख सुचवून बघितली. "मधलं म्हणजे दोघींचं नाही" असं उत्तर आलं.

खोके_आवरणारी
इतके प्रतिसाद झाले, पण उतरवायचं कधी आणि कोणी, यावर एक ओळ नाही! लावायला अख्खं घर नाचत येतं. उतरवताना मी एकटी, काचेचे गोळे कागदात गुंडाळत, आणि माळ नीट पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवली नाही की पुढच्या वर्षी धागाकर्तीसारखं नाव घ्यावं लागतं. ६ जानेवारीनंतर झाड ठेवणं अशुभ म्हणतात बरेच जण, स्वीडनमध्ये १३ जानेवारीला काढतात, आणि काही लोक तर २ फेब्रुवारीपर्यंत, कँडलमसच्या सणापर्यंत, सजावट राहू देतात. माझा नियम एकच, जो उतरवणार त्याने तारीख ठरवायची.

खटपट्या
खोके_आवरणारी +१. हा सगळ्यात बरोबर प्रतिसाद आहे आणि मी हे घरी दाखवणार नाही.

गुंतलेली_माळ
अपडेट. काल रात्री फोन टेबलावर राहिला आणि सासूबाईंनी धागा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. सकाळी चहाच्या वेळी म्हणाल्या, ठीक आहे, लावायची तारीख तुझी, उतरवायचं मी बघते, तारीख पण मीच ठरवणार. मी इतकी खूश झाले की पूर्ण ऐकायच्या आधी हो म्हणून बसले.

२ फेब्रुवारी. ते कँडलमसचं कोणी लिहिलं होतं वर?

खोके_आवरणारी
सॉरी गं.