खुनी कोण हे लेखकाला आधीच माहीत पाहिजे का?

केळीबाग_सावदा
नमस्कार मंडळी. घरची केळी आहे, रात्री लाइट असली की मोटर आणि नसली की लिखाण असं चालूय. मागच्या कांदेबागेच्या (ऑक्टोबरच्या सुमाराची केळी) लागवडीपासून एक सस्पेन्स कादंबरी लिहून राहिलो. केळीच्या व्यापाऱ्याचा खून होतो, बॉडी बागेत सापडते, पाच जणांवर संशय. अकरा प्रकरणं झाली आणि आता गाडी अडकली कारण खुनी कोण हे मलाच माहीत नाही भो! म्हटलं लिहिता लिहिता सुचेल. मित्र म्हणतो शेवट आधी ठरव आणि उलटं लिहीत ये, पण शेवट माहीत असला तर मला लिहायचा कंटाळा येतो. दुसरं म्हणजे मी वाचकापासून सगळं लपवून ठेवलंय, तरी बायको चौथ्या प्रकरणात झोपली. तिथे तर हिरो भुसावळहून रावेरला चाललाय, मलकापूरला गाडी थांबते आणि त्याला धमकीचा फोन येतो. यात झोपण्यासारखं काय आहे?

निशाचर_जळगाव
सगळं लपवलंय म्हणूनच झोपल्या असतील वहिनी. रहस्यकथा आणि सस्पेन्स यात तुमची गल्लत होतेय. रहस्यकथेत खून होऊन गेलेला असतो, आपण मागे वळून शोधतो. सस्पेन्समध्ये काहीतरी व्हायचंय आणि ते वाचकाला पात्राच्या आधी कळलेलं असतं. सस्पेन्स सिनेमावाल्या हिचकॉकने १९६२ मध्ये फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला मुलाखत देताना टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं होतं, बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो, पण बॉम्ब आधी दाखवला आणि माणसं वर निवांत गप्पा मारतायत, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला. तुमच्याकडे समजा मोटरच्या खोलीत कोणीतरी दडून बसलंय हे वाचकाला माहीत आहे आणि हिरो 'लाइट आली वाटतं' म्हणत तिकडे निघालाय. बघा वहिनी झोपतात का.

खुनी आधी ठरवायचा का, तर मी नाही ठरवत. पहिला खर्डा अंधारातच लिहिते. पण खुनी सापडला की पहिल्या पानापासून परत लिहावं लागतं, धागेदोरे तेव्हा पेरायचे, आणि हा भाग लोक टाळतात. अगाथा ख्रिस्तीच्या ७३ वह्या मागे राहिल्या, त्यात ती एकाच गोष्टीसाठी वेगवेगळे खुनी चाचपून बघताना दिसते. आणि तिला विषांची माहिती कुठून, तर पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या औषधालयात काम केलं होतं. तुम्हाला केळी माहीत आहे ना, मग तीच वापरा. कापणीला महिना बाकी असताना एकच घड कापलेला दिसला तर शहरातल्या इन्स्पेक्टरला काही वाटणार नाही, सावद्याच्या माणसाला लगेच खटकेल.

वाचनालयाचा_उंदीर
आमच्या लहानपणी बाबुराव अर्नाळकरांची पुस्तकं घरात लपवून वाचावी लागायची, माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या तरी मास्तर त्याला साहित्य म्हणायला तयार नाहीत. पुढे कॉलेजात सुहास शिरवळकरांच्या रहस्यकथांचा नायक फिरोज इराणी आला. लायब्ररीच्या प्रतीत शेवटचं पान हमखास फाटलेलं असायचं, तरीही पुस्तक परत न्यायचो, म्हणजे मजा नुसत्या शेवटात नव्हती. ते शेवट-आधी-की-नंतर जाऊ द्या हो, पाच संशयितांमध्ये मला एक तरी असा द्या जो खुनी निघाला तर वाईट वाटेल.

डाऊन_लाइन
रेल्वेतून रिटायर, भुसावळ. कादंबरीतलं कळत नाही, पण मलकापूर नागपूरच्या लायनीवर आहे. रावेरची गाडी खंडव्याकडे जाते, मध्ये तुमचं सावदा, मग निंभोरा. तुम्ही सावद्याचे असून असं लिहिता?

केळीबाग_सावदा
काका माफ करा, मी आयुष्यभर एसटीनेच गेलो 😅 काढून टाकतो.

निशाचर_जळगाव
अहो काढू नका! फक्त हिरोच्या तोंडून काढा आणि संशयितातल्या कोणाच्या तरी जबाबात टाका. 'खुनाच्या रात्री मी भुसावळहून रेल्वेने रावेरला चाललो होतो, मलकापूरला चहा घेतला.' बाहेरून आलेला इन्स्पेक्टर लिहून घेईल आणि पुढे जाईल. इथल्या वाचकाला तिथेच कळेल की हा गाडीत बसलाच नव्हता, आणि मग तो संशयित प्रत्येक प्रकरणात हिरोच्या शेजारी बसून चहा पिताना दिसला पाहिजे.

केळीबाग_सावदा
थांबा थांबा. सहाव्या प्रकरणात व्यापाऱ्याचा मुनीम आहे, सगळ्यात गरीब, हिरोला डबा आणून देतो, त्याला मी नुसतं पान भरायला घेतलं होतं. तो भुसावळला कधी गेलेलाच नाही. अंगावर काटा आला राव. आता पहिल्यापासून लिहायला लागेल, म्हणजे यंदाचा मृगबाग (पावसाच्या सुरुवातीची लागवड) पण गेला.

डाऊन_लाइन
लिहा. फक्त गाडीचा नंबर आणि टाइम टाकू नका, टाइमटेबल बदललं की मला परत यावं लागेल.