जाहिरातींमधल्या स्त्री-पुरुष भूमिका मोजायच्या कशा?

रकानेवही
टीव्ही आणि यूट्यूबवरच्या 150 जाहिराती जमवल्या आहेत. त्यांत बायका आणि पुरुष कोणत्या भूमिकांत दिसतात याचं आशय-विश्लेषण करायचं आहे. तक्त्यात सध्या चार रकाने आहेत: बायका किती, पुरुष किती, ठिकाण घर की बाहेर, आणि ‘साचेबद्ध आहे का – हो/नाही’. आम्ही दोघींनी त्याच जाहिराती वेगवेगळ्या बसून भरल्या, तर शेवटच्या रकान्यात आमचं फारसं जुळत नाही. दुसरी अडचण अशी की डोकी मोजली तर बायका पुरुषांच्या बरोबरीने भरतात, पण जाहिराती बघताना बरोबरी अजिबात वाटत नाही. तक्ता कुठे चुकतोय? आणि दोघींची उत्तरं किती जुळली म्हणजे पुरे?

ओळ-स्तंभ
चौथा रकाना आधी काढून टाका. ‘साचेबद्ध’ हा निष्कर्ष आहे, तो भरणाऱ्याने काढायचा नसतो. भरणाऱ्याने फक्त दिसलं-ऐकलं तेवढं नोंदवायचं, निष्कर्ष शेवटी आकड्यांतून निघतो.

डोकी का फसवतात ते एका नेहमीच्या ढाच्यावर बघा. धुण्याच्या पावडरची 30 सेकंदांची जाहिरात. आई कपडे धुतेय, मुलगी चिखलाने माखून येते, आईच्या कपाळावर आठ्या, मग डाग गेलेला फ्रॉक आणि आईचं हसू. शेवटी पडद्यामागून पुरुषाचा आवाज: ‘दुप्पट स्वच्छता’. तुमच्या तक्त्यात याची नोंद बायका 2, पुरुष 0 अशी होईल. प्रत्यक्षात वस्तूविषयीचं एकमेव विधान पुरुषाने केलं, आणि त्याला तुमच्याकडे रकानाच नाही. पडद्यामागचा आवाज हे स्वतंत्र पात्र धरा, तुमचं ‘बरोबरी वाटत नाही’ हे कोडं बरंचसं तिथेच सुटेल.

या कामाची जुनी आणि अजून टिकलेली पद्धत मॅकआर्थर आणि रेस्को या संशोधकांनी 1975 मध्ये मांडली. मोजणीचं एकक जाहिरात नाही, पात्र. एका जाहिरातीतून जास्तीत जास्त दोन प्रमुख पात्रं घ्या. प्रत्येक पात्रासाठी बघायचं ते असं: ती व्यक्ती वस्तू वापरणारी आहे की वस्तूबद्दल माहिती देणारी, तिची ओळख नात्यातून होते (आई, नवरा) की कामातून (डॉक्टर, ड्रायव्हर), ती कुठे आहे, वस्तू घ्या असं सांगताना ती कारण देते, नुसतं मत देते की काहीच बोलत नाही, आणि वस्तू वापरल्यावर तिला काय मिळतं, घरच्यांची शाबासकी, स्वतःची प्रगती की निव्वळ सोय. वस्तूचा प्रकार वेगळा नोंदवा.

प्रत्येक रकान्याचा नियम एका वाक्यात लिहून ठेवा. उदाहरणार्थ, ‘माहिती देणारी’ म्हणजे जिने वस्तूच्या गुणाबद्दल किमान एक विधान स्वतः उच्चारलं ती. नुसता पांढरा कोट घालून मागे उभी असलेली बाई यात बसत नाही, पेहरावाचा रकाना निराळा करा. सगळ्यात जास्त घोळ ‘आई’ या शब्दाने होतो. स्वयंपाकघरातली बाई आणि शेजारी मूल दिसलं की भरणारा ‘आई’ लिहून मोकळा होतो, म्हणजे जो साचा मोजायचा तोच तो तक्त्यात भरतो. नातं बोलण्यातून किंवा लिखित मजकुरातून स्पष्ट झालं तरच लिहायचं. नाहीतर ‘स्पष्ट नाही’. हा पर्याय प्रत्येक रकान्याला हवाच.

कप्पा_०.८
किती जुळलं याबद्दल. टक्केवारीवर विसंबू नका, कारण एक उत्तर फार जास्त वेळा येत असेल तर योगायोगानेही भरपूर जुळतं. 100 पात्रं घ्या, प्रश्न ‘माहिती देणारी आहे का’. दोघींनीही ‘नाही’ म्हटलं 85 वेळा, दोघींनीही ‘हो’ 5 वेळा, उरलेल्या 10 मध्ये मतभेद, दोन्ही बाजूंनी पाच-पाच. जुळणी 90 टक्के. पण प्रत्येकीचे ‘नाही’ 90 आणि ‘हो’ 10 आहेत, म्हणून योगायोगाची अपेक्षित जुळणी 0.9 × 0.9 + 0.1 × 0.1 = 0.82. कोहेनचा कप्पा (योगायोगाची जुळणी वजा करून उरणारी जुळणी, 1 म्हणजे पूर्ण) = (0.90 − 0.82) ÷ (1 − 0.82) = 0.44. एवढ्यावर काही म्हणता येत नाही.

क्रिपेन्डॉर्फचा अल्फा हे असंच दुसरं माप वापरलात तर आणखी बरं, तो दोनपेक्षा जास्त भरणारे आणि रिकाम्या जागाही चालवून घेतो. 0.80 च्या वर विश्वासाने लिहा, 0.667 ते 0.80 मध्ये जपून, त्याखाली तो रकाना निष्कर्षात घेऊ नका. आकडा एकूण तक्त्याचा नको, रकान्यागणिक द्या. ‘ठिकाण’ चांगलं जुळतं आणि त्याच्या आड ‘भूमिका’ची खराब जुळणी झाकली जाते.

सराव ज्या जाहिरातींवर कराल त्या मूळ 150 मधल्या नकोत. आणि मतभेद चर्चेने मिटवण्याआधीचे आकडे जपून ठेवा. चर्चेनंतर जुळणी मोजली तर ती शंभर टक्केच येणार, तिला अर्थ नाही.

चौकट
शब्दांइतकंच चित्राकडेही बघा. समाजशास्त्रज्ञ गॉफमन यांनी 1970 च्या दशकात छापील जाहिरातींवर केलेल्या कामातल्या खुणा आजही मोजता येतात: कोण उंचावर आणि कोण खाली, कोण वस्तू घट्ट पकडतं आणि कोण तिच्यावरून नुसती बोटं फिरवतं, कोण शिकवतं आणि कोण बघत राहतं, कोणाची नजर चौकटीबाहेर हरवलेली असते. स्पर्शाचा रकाना सगळ्यात उपयोगी, कारण दोघा भरणाऱ्यांना तो सारखाच दिसतो. ‘हरवलेली नजर’ मात्र भांडणं लावते.

निव्वळ पट्टीने मोजायचं असेल तर चेहऱ्याचं प्रमाण काढा (आर्चर आणि सहकारी, 1983). डोक्याच्या टोकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर भागिले डोक्याच्या टोकापासून शरीराच्या दिसणाऱ्या सगळ्यात खालच्या बिंदूपर्यंतचं अंतर. 3 सेंमी भागिले 12 सेंमी म्हणजे 0.25, फक्त चेहरा असेल तर 1. त्यांच्या नमुन्यात पुरुषांचं प्रमाण जास्त निघालं होतं. व्हिडिओत कोणती चौकट (फ्रेम) मोजायची हे आधी ठरवा, उदाहरणार्थ पात्र पहिल्यांदा बोलतं ती. एकच जाहिरात मोबाइलसाठी उभी कापली की हे प्रमाण बदलतं, म्हणून टीव्ही आणि यूट्यूबची सरासरी एकत्र काढू नका.

रकानेवही
खूप उपयोगी. दोन शंका उरल्या. बेक्डेल चाचणी लावावी का? आणि तीच जाहिरात सहा वेळा लागली तर एकदा धरायची की सहा वेळा?

ओळ-स्तंभ
चाचणी नको. ॲलिसन बेक्डेल यांच्या 1985 च्या कॉमिक स्ट्रिपमधून आलेला तो नियम आहे: दोन बायका, एकमेकींशी बोलतात, विषय पुरुष नसतो. तो चित्रपटांसाठी आहे. वरची पावडरची जाहिरात, आईने मुलीला ‘परत चिखल?’ एवढं विचारलं तरी, सहज पास होईल.

सहा वेळांचं उत्तर तुमच्या प्रश्नावर आहे. काय बनवलं जातं ते पाहायचं तर एकदा, प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे काय येतं ते पाहायचं तर सहा वेळा. दोन्ही गणितं करा, पण एकाच तक्त्यात मिसळू नका. तुलनाही वस्तूच्या एकाच प्रकारात करा. एका वाहिनीवर पावडरच्या जाहिराती जास्त आणि दुसरीवर गाड्यांच्या असतील, तर तुम्हाला दिसणारा फरक वाहिन्यांचा नसून वस्तूंचा असेल.

चौकट
पुरुषांचे साचेही नोंदवा, ते हमखास सुटतात. ब्रिटनमध्ये जाहिरात-नियामकांचा अपायकारक साच्यांविरुद्धचा नियम जून 2019 मध्ये लागू झाला. त्याखाली ऑगस्टमध्ये पहिल्यांदा ज्या दोन जाहिराती अडवल्या, त्यांतली एक चीजची होती: दोन बाप खाण्याच्या नादात बाळांना फिरत्या पट्ट्यावर विसरतात. दुसरी गाडीची: पुरुष अंतराळात आणि खेळाच्या मैदानावर, बाई बाबागाडीशेजारी बसलेली. बाई घरकाम करताना दाखवणं या नियमात मुळात निषिद्ध नाही. साफसफाई हे फक्त तिचंच काम, किंवा पुरुष केवळ पुरुष असल्यामुळे ते करूच शकत नाही, असं सुचवणं आक्षेपार्ह. म्हणून ‘काम जमलं / फसलं / दुसऱ्याने येऊन निस्तरलं’ असा एक रकाना घाला आणि निस्तरणारी व्यक्ती बाई की पुरुष तेही लिहा.