मुलांना घेऊन जाणार असाल तर बर्गंडीच

एकाने विचारलंय की आठ-दहा वर्षांच्या मुलांना घेऊन दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदी या कालव्याच्या काठाने सायकल चालवता येईल का. येईल, पण तिथे बऱ्याच ठिकाणी वाट कच्ची आहे, झाडांची मुळं वर आलीत, मुलं वैतागतील. त्यापेक्षा फ्रान्सच्याच बर्गंडी भागातला जिव्री ते क्लुनी सायकलरस्ता खरंच बघा, जुन्या रेल्वेलाईनचे रूळ काढून १९९७ साली केलेला, साधारण ४४ किमी, डांबरी, आणि मूळचा रेल्वेचा असल्यामुळे चढ असा जाणवतच नाही. गाड्यांना बंदी, फक्त मधेमधे गावरस्ते आडवे येतात तिथे मुलांना थांबवायचं. दोन्हीकडे द्राक्षमळे, पांढऱ्या गाई, आणि जुनी स्टेशनं अजून तशीच उभी, आम्ही एका फलाटाच्या कडेवर पाय सोडून बसून ब्रेड-चीज खाल्लं, अर्ध्या तासात एक आजोबा तेवढे सायकलवरून गेले, बोंजूर म्हणून. अजून काय पाहिजे!

क्लुनीच्या पुढे माकाँकडे जाताना ब्वा-क्लेरचा बोगदा लागतो, १.६ किमी लांब, आत दिवे आहेत पण भर उन्हाळ्यातही कुडकुडायला होतं, जाकीट वरच ठेवा. हिवाळ्यात तो वटवाघळांसाठी बंद असतो, तेव्हा मे-जूनमध्येच जा.