विषय: मिप्स – एनपीआय एक, उत्तरं दोन

मंडळी, घाईत आहे. मिप्स, म्हणजे मेडिकेअरची (अमेरिकेचा सरकारी आरोग्यविमा, मुख्यतः ज्येष्ठांसाठी) डॉक्टरांना गुण देऊन पैसे वाढवणारी-कापणारी योजना, मला लागू आहे का ते बघायला क्यूपीपीच्या (याच कार्यक्रमाच्या) साइटवर एनपीआय (डॉक्टरचा ओळख नंबर) टाकून २०२५ निवडलं. जुन्या क्लिनिकखाली ‘एक्झेम्प्ट’ (सक्ती नाही), नव्याखाली ‘ग्रुप म्हणून पात्र’. खरं कोणतं धरू?
– ओहायोची डॉक्टरीणबाई

>>
दोन्ही खरी. तपासणी माणसाची नसते, टिन (क्लिनिकचा टॅक्स नंबर) आणि एनपीआयच्या जोडीची असते. दोन टिनवर बिलं जात असतील तर निकालही दोन. रिपोर्ट भरायची सक्ती लागते ती तिन्ही आकडे ओलांडले तरच: मेडिकेअर पार्ट बी चे (डॉक्टरांच्या सेवांचा भाग) मंजूर चार्जेस ९०,००० डॉलरच्या वर, पेशंट २०० च्या वर, सेवाही २०० च्या वर. तेही दोन्ही टप्प्यांत: ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४, मग ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५. पहिल्यात सुटलात तर त्या टिनवर सुटलात. नव्या टिनवरची बिलं दुसऱ्याच टप्प्यात सुरू झाली असतील तर फक्त तोच धरतात.
– बिलिंगवाल्या ताई

>>
ताई, मंजूर म्हणजे हातात पडलेले ना? आणि पेशंट तर सहाशे आहेत!
– टेक्सासचे काका

>>
नाही काका. मंजूर रकमेत पेशंटचा वाटाही येतो, म्हणून बँकेतल्या जमेवरून हिशेब चुकतो. सहाशेतले ॲडव्हांटेज प्लॅनवाले (खासगी कंपनीमार्फत मेडिकेअर घेणारे) वगळा, ते इथे मोजतच नाहीत. दरवर्षी हाच घोळ. मंडळाच्या फाइल्समध्ये तक्ता टाकलाय, उघडतं कोण?
– ताई

>>
तक्ता जुना आहे, नवा मी करतोय. हॉस्पिटलवाल्यांना सूट असते, एवढंही त्यात नाही.
– न्यू जर्सी, खजिनदार

>>
खजिनदारसाहेब, सूट नाही ती. ७५ टक्के सेवा हॉस्पिटलात असतील तर फक्त ‘प्रमोटिंग इंटरऑपरेबिलिटी’चं (गुणांतला इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डचा भाग) वजन दुसरीकडे वळतं. बाकीचं भरावंच लागतं.

डॉक्टरीणबाई, ग्रुप पात्र म्हणजे तुम्हाला वैयक्तिक सक्ती नाही. पण नव्या क्लिनिकने ग्रुप म्हणून रिपोर्ट केलं, तर २०२७ मध्ये त्या टिनवरच्या तुमच्या बिलांनाही तोच टक्का लागेल, कमाल वजा ९. ऑफिस मॅनेजरला लेखी विचारा: ग्रुप की वैयक्तिक? ७५ गुणांखाली गेलात की कात्री.

‘ऑप्ट-इन’चं (सक्ती नसताना स्वतःहून सामील व्हायचं) बटण दिसलं तर गंमत म्हणून दाबू नका, ते मागे घेता येत नाही. नुसता सराव हवा असेल तर व्हॉलंटरी रिपोर्टिंग करा, त्यात पैसे वाढत नाहीत नि कापलेही जात नाहीत.
– ताई

>>
आभार. मॅनेजरला मेल केली. दोन्ही निकालांचे स्क्रीनशॉट, तारखेसकट, जपून ठेवलेत.
– ओहायो

>>
दिवाळीच्या हॉलचं डिपॉझिट परत आलं का कुणाला?
– काका