मदत हवी आहे: तळ्याकाठच्या घराला उत्तरेकडे मोठी काच लावावी का?

नमस्कार मंडळी, थंड प्रदेशात तळ्याकाठी घर बांधतोय, हिवाळ्यात तळं पूर्ण गोठतं. घोळ असा की तळं नेमकं उत्तरेला आहे, म्हणजे व्ह्यू तिकडे आणि ऊन दक्षिणेकडून, वर गोठलेल्या पाण्यावरून येणारा वारा थेट त्याच भिंतीवर. बायकोला हॉलमध्ये छतापर्यंत काच हवीये, आर्किटेक्ट म्हणतो ट्रिपल ग्लेझिंग (तीन थरांची काच) लावलं की झालं, पण कितीही भारी काच घेतली तरी ती इन्सुलेशन भरलेल्या भिंतीची बरोबरी करत नाही ना? मला वाटतं उत्तरेला एकच मोठी फिक्स खिडकी ठेवावी, बाकी काच दक्षिणेला. कोणी असं केलंय का, आतून काचेवर पाणी धरतं का?

दुसरं म्हणजे पाया. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, त्यामुळे पाया जमीन गोठते त्या खोलीच्या खाली न्यायचा हे कळलं, पण काठाजवळ खणलं की खड्ड्यात पाणीच येतं! अशा जागी तुम्ही ड्रेनेज कसं केलंत? व्हेपर बॅरियर (घरातली वाफ भिंतीत शिरू न देणारा पडदा) भिंतीच्या आतल्या, उबदार बाजूला लावायचा, बरोबर ना? काँट्रॅक्टर उलटं सांगतोय म्हणून विचारतोय.