प्रार्थना पण हॅबिट ट्रॅकरमध्ये टाकायची का? आणि रविवारच्या टेस्टचं काय करायचं?

नगरची_लेक
प्रभूच्या नावात सगळ्यांना सलाम. मी मूळची राहुरी तालुक्यातली, सध्या पुण्यात सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतेय. घरी उपासना, संडे स्कूल, तरुण संघ हे सगळं लहानपणापासून अंगवळणी पडलेलं, रविवारी चर्चला जायचं की नाही असा प्रश्नच कधी आला नाही. इथे क्लासची टेस्ट सिरीज बरोबर रविवारी सकाळी असते, उपासनेच्याच टायमाला. शिवाय रूममेटने एक अ‍ॅप दिलं, पहाटे पाचला उठणे, तीन लिटर पाणी, व्यायाम, चालू घडामोडी असं रोज टिक करायचं, मी त्यात बायबल वाचन आणि प्रार्थना पण टाकली. वाचन खरंच रोज व्हायला लागलं, पण आता डोळे मिटले की मनात हेच, लवकर आटपू आणि टिक करू म्हणजे स्ट्रीक तुटायची नाही. आणि तुटलीच तर दिवसभर वाटत राहतं की देव नाराज आहे, म्हणजे पूर्व परीक्षेसारखा देवाचाही काही कटऑफ आहे आणि मी त्याच्या खाली आहे. तुम्ही हॉस्टेलला, रूमवर राहून हे कसं सांभाळलं? आणि टेस्ट सोडायची की उपासना?

सोलापुरी_डॉक्टर
ताई, नीटची तयारी करताना माझंही असंच चालू होतं, नीट तर जवळपास दरवर्षी रविवारीच असते. मला तेव्हा बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय फार उपयोगी पडला. एलीया एवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर एवढं सगळं घडून गेलेलं, आणि ईजबेल राणीची धमकी आली तसा रानात पळून जातो, झुडपाखाली बसतो आणि म्हणतो आता पुरे, माझा जीव घे. तिथे देव त्याला उपदेश करत नाही बघ. तो झोपतो, देवदूत उठवतो, उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलेलं, खातो आणि परत झोपतो, परत उठवून परत खायला घालतो. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलतो ते त्यानंतर. तू पाचला उठतेस ते ठीक, पण झोपतेस किती वाजता? अभ्यासिकेत रात्री एकपर्यंत बसून पाचला उठणाऱ्याला प्रार्थनेत गुंगीच येणार, ते अविश्वासामुळे नाही, झोप कमी पडतेय म्हणून. आधी झोप नीट कर.

तरुणसंघ_सेक्रेटरी
रविवारबद्दल माझं मत स्पष्ट आहे, टेस्ट सोड. एरिक लिडल या स्कॉटिश धावपटूने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून त्या शर्यतीत भागच घेतला नाही. नंतर ४०० मीटर धावला आणि ४७.६ सेकंदात गोल्ड मेडल, तेव्हाचा जागतिक विक्रम. देवाला पहिलं स्थान दिलं की बाकीचं तो बघतो.

वसईकर
लिडलबद्दल मलाही खूप आदर आहे, पण त्याला वेळापत्रक कित्येक महिने आधी कळलं होतं आणि त्याने ४०० मीटरची वेगळी तयारी केली, हे पण सांगायला हवं ना. आयोगाची पूर्व परीक्षा बहुतेक वेळा रविवारीच असते, तिला दुसरा पर्याय नाही. मग ती पण सोडायची का? शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस, माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही, हे येशूनेच सांगितलंय, मार्क २.

आम्ही कॅथलिक, आमच्यात शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला, म्हणजे उपासनेला, गेलं तरी रविवारचं कर्तव्य पूर्ण होतं, वसईत शिफ्टवाली कितीतरी माणसं तसंच करतात. तुमच्या मंडळीत तशी पद्धत नसेल पण पाळकांना विचारायला काय हरकत आहे. आणि एक गोष्ट, लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, म्हणून राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत कॅलेंडरवर सेहेचाळीस दिवस भरतात. एवढ्या कडक उपवासाच्या काळातसुद्धा रविवार पुनरुत्थानाचा, म्हणजे आनंदाचाच राहतो. मी तर म्हणेन तुझ्या त्या अ‍ॅपला पण रविवारी सुट्टी दे.

केडगाव_लाईन
पोरी, मी वयाने मोठा आहे, माझी मुलं पण यातून गेलीत म्हणून लिहितोय. नेम धरणं वाईट नाही. दानीएल दिवसातून तीन वेळा खिडकीपाशी गुडघे टेकायचा, राजाची बंदी आली तरी त्याने वेळ चुकवली नाही. आमच्या केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमधल्या बाया-पोरींचं सगळं बघत असताना मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२२ साली त्या गेल्या तोपर्यंत हेच काम चालू होतं. असं काम नेमाशिवाय होत नसतं.

पण लूक १८ काढून बघ. परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा, मंदिरात उभा राहून काय सांगतो, आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो. यादी खोटी नव्हती त्याची, सगळं करत होता तो. जकातदाराकडे मात्र सांगायला काहीच नव्हतं, लांब उभा राहिला, वर बघायची पण हिंमत नाही, दया कर एवढंच म्हणाला आणि तोच नीतिमान ठरून घरी गेला. तुझी ती स्ट्रीक तुटते ना, त्याच दिवशी प्रार्थना कर, तशीच, दमलेली, काही न सुचलेली. माझ्या मते ती सगळ्यात खरी असते. ना. वा. टिळकांचं एखादं भजन नुसतं गुणगुणलीस तरी चालेल.

सदाशिव पेठेतून गुरुवार पेठेत पंचहौदला चालत जाता येतं, पवित्र नाम देवालयात मराठी उपासना असते. संध्याकाळची काही सभा आहे का तिथे चौकशी कर. रविवारी रात्री मेस बंद असते तुम्हा मुलांची हे मला माहीत आहे, ओळख झाली की मंडळीतलं कोणी ना कोणी जेवायला बोलावतंच, लाजू नकोस.

नगरची_लेक
काका, डॉक्टर, सगळ्यांचे मनापासून आभार. परुशाचा उतारा संडे स्कूलला पाठ केला होता, तो माझ्या अ‍ॅपला इतका लागू पडेल असं डोक्यातच आलं नव्हतं. अ‍ॅपमधून प्रार्थनेची ओळ काढलीये, चालू घडामोडींची ठेवलीये. क्लासमध्ये विचारलं, टेस्ट दुपारच्या बॅचबरोबर देता येईल म्हणाले, फक्त त्या बॅचला पेपरचं डिस्कशन होत नाही. पुण्यात कोणी आपापसात पेपर सोडवून डिस्कशन करणारे असतील तर सांगा, रविवारी संध्याकाळी सहानंतर मी कधीही येऊ शकते.