जाहिरातीच्या खात्यातील ‘कन्व्हर्जन’ विक्रीच्या वहीत का सापडत नाहीत?

पेटीवाला (धागाकर्ता)

आमची हापूसची बाग रत्नागिरी तालुक्यात आहे आणि गेली काही वर्षे आम्ही पेट्या स्वतःच्या संकेतस्थळावरून थेट गिऱ्हाइकाला पाठवतो. जाहिरातींचे काम एका एजन्सीकडे दिलेले असून तिचा मोबदला ‘कन्व्हर्जन’मागे, म्हणजे जाहिरातीमुळे आली असे खात्यात नोंदल्या गेलेल्या प्रत्येक ऑर्डरीमागे, ठरलेला आहे. हंगाम आवरल्यावर हिशेबाला बसलो, तेव्हा शोध-जाहिरातींच्या खात्याने २१२ ऑर्डरी आपल्या नावावर मांडल्या होत्या आणि समाजमाध्यमाच्या खात्याने १६५. आमच्या वहीत मात्र त्या काळातील संकेतस्थळावरच्या ऑर्डरी होत्या २९० आणि त्यांतल्या ११८ फोननंबरांवर आम्ही मागील वर्षांतही पेट्या पाठवल्या होत्या. म्हणजे मुळात आल्या त्यापेक्षा ८७ ऑर्डरी जास्त, आणि त्याही एकही गिऱ्हाईक आपणहून आले नाही असे धरून.

एजन्सीचे म्हणणे असे की कोणीच खोटे बोलत नाही, आणि ते अक्षरशः खरे आहे. गूगलच्या जाहिरातीवर क्लिक होते तेव्हा पत्त्याच्या शेपटाला ‘जीसीएलआयडी’ नावाची एक लांबलचक खूण लागते, आपल्या संकेतस्थळावरचा टॅग (मोजणीसाठी पानात घातलेला छोटा कोड) ती खूण कुकीत, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमधल्या छोट्या नोंदीत, ठेवतो आणि ऑर्डर पुरी होऊन ‘धन्यवाद’चे पान उघडले की तीच खूण परत कळवतो. ही विक्री क्लिकनंतर ३० दिवसांत झाली तरी ती, मुदत बदलली नसेल तर, त्या क्लिकच्या खात्यात जाते. मेटाची (फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या कंपनीची) नेहमीची मुदत क्लिकनंतर ७ दिवसांची आहे; शिवाय जाहिरात नुसती डोळ्यांसमोरून गेली आणि एका दिवसात खरेदी झाली, तरीही तिचे श्रेय धरले जाते. दोघांनाही एकमेकांचे खाते दिसत नाही, त्यामुळे एकच पेटी दोनदा विकली जाते.

माझे म्हणणे एवढेच, की हा आकडा म्हणजे जाहिरात दाखवणाऱ्याने केलेला दावा आहे आणि दाव्यावर मोबदला ठरवणे चूक आहे.

मोहीम_सांभाळणारा

मी याच व्यवसायात आहे, तेव्हा माझा कल कुठे असेल हे वाचकांनी धरून चालावे. कन्व्हर्जनमागे मोबदला हा करार मीही केला नसता; परंतु आपण मोजणीच्या साधनाकडून ताळेबंदाची अपेक्षा करत आहात. हा आकडा मुख्यतः जाहिरातीच्या जागेसाठी आपल्या वतीने आपोआप बोली लावणाऱ्या यंत्रणेसाठी असतो. कोणत्या प्रकारच्या क्लिकनंतर ऑर्डर येते हे तिला कळले नाही, तर ती स्वस्त क्लिकांच्या मागे धावेल, आणि स्वस्त क्लिक म्हणजे बहुधा आंब्याचा फोटो दिसला की बोट लावणारे, पेटी न घेणारे लोक.

दुसरे असे, की आपण जादा मोजणीविषयी लिहिले आणि कमी मोजणीविषयी मौन बाळगले. गिऱ्हाईक फोनवर पेटी निवडते, पैसे भरताना यूपीआयचे ॲप उघडते, हिरवी बरोबरची खूण दिसते, आणि काम झाले म्हणून ते फोन खिशात घालते. ब्राउझरकडे ते परत येतच नाही, धन्यवादाचे पान उघडत नाही आणि खरी, पैसे जमा झालेली विक्री जाहिरातीच्या खात्यात शून्य राहते. सफारीत तर पानावरच्या स्क्रिप्टने ठेवलेली कुकी ७ दिवसांत पुसली जाते आणि जाहिरातीची खूण असलेल्या पत्त्यावरून आलेल्यांच्या बाबतीत २४ तासांतही जाऊ शकते. कचेरीतल्या संगणकावर जाहिरात पाहून रात्री घरी फोनवर मागवणाऱ्याचे तर विचारूच नका. उपाय आहेत: पैसे जमा झाल्याची सूचना सर्व्हरकडून थेट पाठवावी आणि सोबत ऑर्डर क्रमांक द्यावा, म्हणजे पान दोनदा उघडले तरी मोजणी एकदाच होते. आपल्या खात्यात ऑर्डर क्रमांक जातो का, हे आधी तपासावे. जात नसेल, तर ८७ मधल्या काही ऑर्डरी नुसत्या पान पुन्हा उघडल्यामुळे आलेल्या असतील.

तारखांचाही घोळ असतो. गूगलच्या अहवालातील मुख्य स्तंभ विक्री क्लिकच्या तारखेला टाकतो, ऑर्डरच्या नव्हे. विक्रीच्या तारखेचा स्तंभ वेगळा असतो. त्यामुळे वही आणि खाते दिवसागणिक जुळवायला बसल्यास नुसता मनस्ताप पदरी पडतो.

पदर_आणि_काठ

दोन्ही बाजू ‘विक्री’ म्हणत आहेत आणि मोजत आहेत ऑर्डर. आम्ही साड्या विकतो व आमच्याकडे सीओडीचे, म्हणजे माल हातात पडल्यावर पैसे देण्याचे, प्रमाण मोठे आहे. ऑर्डरीच्या क्षणी पिक्सेल (समाजमाध्यमाचा तसाच टॅग) धावतो, खात्यात २,४०० रुपयांची खरेदी नोंदवली जाते, आणि आठ दिवसांनी तेच पुडके ‘घेण्यास नकार’ असा शिक्का घेऊन दारात उभे राहते. (कुरिअरवाले याला आरटीओ म्हणतात, परिवहन कार्यालयाशी त्याचा संबंध नाही, पण हेलपाटे तितकेच.) चिकटपट्टी उचकटलेली असते, साडीची घडी मोडलेली असते, जाण्यायेण्याचे भाडे आपल्या माथी असते, आणि जाहिरातीच्या खात्यात मात्र ती विक्री दिमाखात उभी असते.

खरे नुकसान त्यापुढचे आहे. वरील प्रतिसादात म्हटल्याप्रमाणे यंत्रणा या आकड्यांवरून शिकत असेल, तर परत आलेल्या प्रत्येक पुडक्यातून ती ‘असेच गिऱ्हाईक आणखी आणा’ हा धडा घेते. आमच्याकडे एका हंगामात नेमके तेच झाले: खात्यातला आकडा वाढत गेला आणि माळ्यावर परत आलेल्या साड्यांची थप्पीही.

आता आम्ही साडी हातात पडल्यावरच विक्री धरतो. ऑर्डरीसोबत क्लिकची खूण जपून ठेवतो आणि पोच मिळाली की ती खात्यात चढवतो. क्लिकनंतर ९० दिवसांपर्यंत गूगल अशी नोंद स्वीकारते, त्यामुळे वेळ पुरतो. आधी पाठवलेली नोंद मागे घेण्याची सोयही आहे. ती मुद्दाम केलेली असूनही फार थोडे लोक वापरतात.

मोहीम_सांभाळणारा

ताई, आपले म्हणणे तत्त्वतः मान्य. व्यवहारात मात्र त्याची किंमत मोजावी लागते. पोच मिळेपर्यंत थांबल्यास यंत्रणेला बातमी आठवडाभर उशिरा आणि थोडी मिळते, आणि लहान खात्यात आधीच मोजक्या ऑर्डरी असतात. साडीला ते परवडते. आंब्याचा हंगाम तोवर निम्मा संपलेला असतो.

आकडेमोड

येथवरची सगळी चर्चा मोजणी नेमकी कशी करावी यावर झाली आहे. मोजणी निर्दोष झाली, एकही ऑर्डर दोनदा धरली नाही, तरी मूळ प्रश्न शिल्लकच राहतो: जाहिरात नसती तर ही पेटी गेली नसती का? क्लिक आणि खरेदी यांचा क्रम टॅग सांगतो, कारण सांगत नाही.

याचे चांगले उदाहरण ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या कंपनीचे आहे. २०१२ च्या मार्चमध्ये त्या कंपनीने अमेरिकेत याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधांत स्वतःच्या नावावर लावलेल्या जाहिराती बंद केल्या. त्या जाहिरातींवरून येणाऱ्या क्लिकांपैकी ९९.५ टक्के खालच्या, फुकट दुव्यावरून जसेच्या तसे येत राहिले. टॅगच्या हिशेबात तोवर ती सर्व गिऱ्हाइके जाहिरातीनेच आणलेली होती. धागाकर्त्यांचे ११८ जुने फोननंबर मला नेमके याच जातीचे वाटतात: दरवर्षी गुढीपाडवा आला की ते आपल्या बागेचे नाव शोधतात, वर जाहिरात दिसते, बोट तिच्यावर पडते आणि एजन्सीचे बिल वाढते.

मात्र त्याच अभ्यासातील दुसरी बाजू सांगितली नाही तर अन्याय होईल. नव्या आणि क्वचित येणाऱ्या गिऱ्हाइकांवर शोध-जाहिरातींचा परिणाम दिसला होता. वाया जात होता तो नेहमीच्या गिऱ्हाइकांवरचा खर्च. म्हणून एका भागात जाहिरात बंद ठेवावी, दुसऱ्यात चालू ठेवावी आणि तुलना खात्याशी न करता वहीशी करावी.

मोहीम_सांभाळणारा

ईबेचे नाव घरोघरी माहीत होते. रत्नागिरीतील एका बागेचे तसे नाही. आपल्या नावावरची जाहिरात आपण काढली, तर त्याच नावावर दुसरा पेटीवाला बोली लावू शकतो आणि आपले जुने गिऱ्हाईक त्याच्या दुकानात जाऊन बसते. शिवाय २९० ऑर्डरींचे जिल्हावार तुकडे केल्यावर दहा-वीस ऑर्डरींचा फरक जाहिरातीमुळे पडला की त्या आठवड्यातील लग्नांमुळे, हे आपण कसे ओळखणार? मोठ्या कंपनीची पद्धत लहान दुकानावर बेतू नये.

आकडेमोड

दहा-वीसचा फरक ओळखता येणार नाही, हे मान्य. परंतु खात्याचे म्हणणे दहा-वीसचे नाहीच; जवळजवळ सर्वच विक्री आपल्यामुळे झाली, असे ते म्हणते. एवढा मोठा दावा खोटा असेल, तर तो लहान दुकानातही उघडा पडतो.

उंबरठा

एक वेगळा आक्षेप नोंदवतो. कमी मोजणीवरचा उपाय म्हणून सध्या गिऱ्हाइकाचा फोननंबर आणि ईमेल सांकेतिक रूपात जाहिरातमंचाकडे पाठवला जातो. ‘एसएचए-२५६ करून (म्हणजे उलट न वाचता येणाऱ्या संकेतात बदलून) पाठवतो, म्हणून कोणालाच कळत नाही’ असे दुकानदाराला सांगितले जाते, पण मंचाकडे तोच नंबर आधीपासून असतो, त्याचेही तेच सांकेतिक रूप निघते आणि जुळणी होते. किंबहुना जुळावे म्हणूनच तो पाठवतात. गिऱ्हाइकाने नंबर दिला तो पेटी घरी पोचावी म्हणून. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा संमतीविषयी काय म्हणतो, ते नंबर चढवण्याआधी वाचलेले बरे.

पेटीवाला (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. ऑर्डर क्रमांक खात्यात जातच नव्हता, हे काल तपासल्यावर कळले. ती दुरुस्ती करून घेतो. फोननंबर कोणाकडेही पाठवणार नाही. पुढच्या हंगामात बागेच्या नावावरची जाहिरात कोल्हापूर आणि सांगलीकडे बंद आणि पुणे, मुंबईत चालू ठेवून पाहतो, आणि एजन्सीला मोबदला कन्व्हर्जनमागे न देता वहीत पहिल्यांदा आलेल्या फोननंबरामागे द्यावा असा विचार आहे.

मोहीम_सांभाळणारा

समजा, ठाण्यातील आपल्या जुन्या गिऱ्हाइकाने पेटी फोडली, शेजाऱ्याला दोन आंबे दिले आणि शेजाऱ्याने दुसऱ्या दिवशी जाहिरातीवर क्लिक करून पेटी मागवली. नंबर नवा आहे. तो कोणाच्या नावे लिहिणार?

पेटीवाला (धागाकर्ता)

आंब्याच्या. पण एजन्सी हे ऐकून घेणार नाही, याचीही कल्पना आहे. करारात त्या शेजाऱ्याचे काय करायचे, हे कोणी अनुभवी सांगितले तर हवे आहे.